आजी आणि नातवंडांसह डिस्नी वर्ल्ड: मधल्या दराचं हॉटेल कसं निवडावं, दुपार कशी सांभाळावी

ऑरलँडोच्या डिस्नी वर्ल्डला निघालेल्या आपल्या लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "खोलीत नुसतं झोपायला तर जायचंय, मग डिस्नीच्याच हॉटेलात पैसे कशाला घालायचे?" दोघंच जाणार असाल तर प्रश्न अगदी रास्त आहे. बाहेरचं स्वस्त हॉटेल घ्यावं आणि रात्री तिथे पाठ टेकावी. पण सोबत चार वर्षांचं मूल आणि तासगावहून आलेल्या सत्तरीच्या सासूबाई असतील, तर हॉटेलची खरी गरज दुपारी लागते.

फ्लोरिडात जून ते सप्टेंबर दुपारचं ऊन असह्य होतं, मग ढग जमतात, विजा कडाडतात, धो धो पाऊस पडतो आणि थोड्या वेळात उघडतो. रांगाही त्याच वेळात सगळ्यांत लांब असतात. या दोन-तीन तासांत आजी जरा आडव्या झाल्या, धाकट्याची झोप झाली, तर पाच वाजता सगळे हसतमुखाने पुन्हा बाहेर पडतात आणि रात्रीची आतषबाजी न कुरकुरता पाहतात. म्हणून हॉटेल निवडताना मी एकच गोष्ट बघते: भर दुपारी, झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन, पार्कातून खोलीपर्यंत किती सहज येता येईल?

या कसोटीवर आमच्यासारख्या घराला कॅरिबियन बीच रिसॉर्ट बसतं, असं माझं ठाम मत आहे. डिस्नीच्या हॉटेलांचे व्हॅल्यू, मॉडरेट आणि डिलक्स असे तीन दर आहेत. कॅरिबियन बीच मधल्या दरातलं, १ ऑक्टोबर १९८८ ला उघडलेलं. इथली खरी सोय म्हणजे स्कायलायनर, तारेवरून जाणारे पाळणे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ते सुरू झाले आणि त्यांचं मुख्य स्थानक याच हॉटेलच्या आवारात आहे. एक मार्ग हॉलिवूड स्टुडिओज पार्कला जातो, दुसरा एपकॉट पार्कला. बसची वाट बघत उभं राहणं नाही, बाबागाडी मिटणं नाही, मूल झोपलं असेल तर बाबागाडी तशीच आत ढकलायची.

बाकीची मधल्या दराची हॉटेलं वाईट नाहीत. पोर्ट ऑर्लिन्स फ्रेंच क्वार्टर आटोपशीर आहे, तिथे लिफ्ट आहे, बसचा एकच थांबा आहे, आणि नावेत बसून डिस्नी स्प्रिंग्जच्या बाजारात जाता येतं. गुडघे फारच दुखत असतील आणि माणसं चारच असतील, तर मी ते सुचवेन. पाच जणांना तिथे एक खोली पुरत नाही. शेजारचं रिव्हरसाइड मोठं आणि झाडीचं आहे. कोरोनाडो स्प्रिंग्जमध्ये परिषदांना आलेली मंडळी बरीच असतात.

खोली मागताना काय सांगायचं

कॅरिबियन बीचच्या इमारती दुमजली आहेत आणि त्यांना लिफ्ट नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी निम्मं काम झालं. आजी-आजोबा सोबत असतील तर बुकिंग करतानाच तळमजला मागा, आणि ऑनलाइन चेक-इन करताना पुन्हा लिहा. विनंती पाळली जाईलच अशी हमी नसते, पण "जिना चढता येत नाही" असं कारण स्पष्ट लिहिलं की ती नुसत्या आवडीनिवडीत मोजली जात नाही.

दुसरी विनंती जागेची. आवार तळ्याभोवती पसरलेलं आहे आणि त्याचे भाग बेटांच्या नावांनी ओळखले जातात: जमैका, अरुबा, मार्टिनिक, त्रिनिदाद. स्कायलायनरला जमैका सगळ्यांत जवळ, त्या खालोखाल अरुबा. मार्टिनिक जेवणाच्या मुख्य इमारतीला आणि पोहण्याच्या मोठ्या तलावाला जवळ पडतं. चांगल्या जागेच्या काही खोल्यांना जादा दर असतो. तळ्याच्या देखाव्यासाठी मी एक डॉलरही जास्त देणार नाही, स्थानकाजवळच्या खोलीसाठी मात्र आनंदाने देईन.

तिसरी गोष्ट पलंगांची. बहुतेक खोल्यांत दोन क्वीन पलंग असतात. काही खोल्यांत भिंतीतून खाली ओढायचा एक छोटा पलंगही असतो, पाचव्या माणसासाठी. तो लहान मुलाच्याच मापाचा आहे. आमच्याकडे धाकटा त्यावर, आजी आणि नात एका पलंगावर, आम्ही दोघं दुसऱ्यावर. बुकिंग करताना "पाच जणांची खोली" हाच प्रकार निवडा. चार जणांची घेऊन मग बघू म्हणू नका.

पैशाचं थोडक्यात. खोलीचा एका रात्रीचा दर तारखेनुसार खूप बदलतो. साधारण अडीचशे डॉलरच्या पुढे सुरू होतो आणि ख्रिसमस, ईस्टर, थँक्सगिव्हिंगला बराच चढतो. शाळा उघडल्यावर, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, तो उतरतो, पण तो वादळांचाही मोसम आहे. दरावर १२.५ टक्के कर लागतो. बाहेरच्या हॉटेलशी तुलना करताना तिथली रोजची रिसॉर्ट फी आणि पार्कातलं गाडी उभी करण्याचं भाडं धरायला विसरू नका. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना हे दोन्ही लागत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना पार्कचं तिकीट नसतं आणि दहाव्या वर्षापासून मोठ्यांचं लागतं. दहावा वाढदिवस जवळ आला असेल तर सहल त्याच्या अलीकडे बसवा.

चार पार्क, चार वेगळ्या दुपारी

एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज हे दुपारी परत यायचे दिवस. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्यांना रोज चारही पार्कांत अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. तो अर्धा तास सोन्यासारखा वापरा. स्कायलायनर एपकॉटला मागच्या दाराशी, इंटरनॅशनल गेटवेला सोडतो. तिथून फ्रान्स विभागातली उंदराची रॅटटुई राइड दोन पावलांवर आहे, तिला उंचीची अटही नाही. समोरच्या मुख्य दारातून येणारी माणसं तिथे पोहोचेपर्यंत तुम्ही बाहेर पडलेले असता. हॉलिवूड स्टुडिओजमध्ये सकाळी आधी स्लिंकी डॉग डॅश ही राइड गाठा. तिला ३८ इंच उंची लागते, म्हणून घरातून निघण्याआधीच मुलाला भिंतीला लावून मोजा. टॉवर ऑफ टेररला ४० इंच, एपकॉटच्या गार्डियन्सला ४२, मॅजिक किंगडमच्या ट्रॉनला ४८. रांगेच्या तोंडाशी जाऊन मागे फिरावं लागलं की मूल हिरमुसतं. आधीच सांगून ठेवलं तर ते "पुढच्या वर्षी" म्हणून मान्य करतं.

धाकटा बसू शकत नाही तिथे रायडर स्विच मागा. एक पालक मोठ्या मुलीबरोबर आत जातो, दुसरा धाकट्याला घेऊन बाहेर थांबतो, मग अदलाबदल होते आणि दुसऱ्याला पुन्हा पूर्ण रांग लावावी लागत नाही. यासाठी जादा पैसे नाहीत. विचारलं तरच मिळतं.

मॅजिक किंगडमला बसने जा, स्वतःची गाडी असली तरी. हॉटेलची बस थेट दारापाशी सोडते. गाडी नेली तर ती लांब उभी करून पुढे मोनोरेल किंवा बोट पकडावी लागते. पण बसने यायला-जायला वेळ मोडतो, म्हणून त्या दिवशी दुपारी परत येण्याचा अट्टहास मी धरत नाही. त्याऐवजी एक ते चार बसून बघायच्या थंड जागा आखून ठेवते: कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस, हॉल ऑफ प्रेसिडेंट्स, मग वाऱ्यावर फिरवून आणणारी पीपलमूव्हर. कॅरोसेल १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यासाठी बनवलेला. त्यात प्रेक्षकांचं दालनच फिरतं आणि एका घरात वीज आल्यापासून काय काय बदललं ते दिसतं. भाषा कळली नाही तरी कथा कळते. सासूबाईंना त्यातली जुनी स्वयंपाकघरं फार आवडली.

लायटनिंग लेन, म्हणजे पैसे भरून मिळणारी वेगळी रांग, मी फक्त मॅजिक किंगडमच्या दिवशी घेईन. हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या सात दिवस आधी सकाळी सात वाजता ती नोंदवता येते, बाहेरच्यांना तीनच दिवस आधी. ॲनिमल किंगडम सकाळचं पार्क आहे. सफारी आधी करा, प्राणी तेव्हा हिंडत असतात. जेवण करून हॉटेलवर या आणि संध्याकाळ तलावावर घालवा. इथला मोठा तलाव जुन्या स्पॅनिश किल्ल्यासारखा बांधलाय, घसरगुंड्या आहेत, उथळ बाजूने चालत आत जाता येतं, टॉवेल तिथेच मिळतात.

आजींसाठी

स्कायलायनरचा पाळणा स्थानकात पूर्ण थांबत नाही, हळूहळू सरकत असतो. आपल्या आया-सासवा तिथेच घाबरून मागे होतात. तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. पूर्ण थांबलेल्या पाळण्यात बसवायची वेगळी सोय आहे. आत एसी नसतो, वारा खेळतो. वीज चमकू लागली की पाळणे बंद होतात आणि बस सोडल्या जातात. म्हणून आकाश काळं दिसू लागलं की पाऊस सुरू व्हायच्या आत निघा.

व्हीलचेअरबद्दल घरी आधीच बोला. "मी काय आजारी आहे?" हे उत्तर येणारच. इथे दिवसाला सात-आठ मैल चालणं सहज होतं हे शांतपणे सांगा आणि घडी होणारी खुर्ची सोबत घ्या. पार्कात भाड्याने मिळणारी खुर्ची पार्काबाहेर नेता येत नाही, मग स्थानकापासून खोलीपर्यंतचं अंतर तसंच उरतं. एसी जबरदस्त असतो, शाल हवी. आजींकडे स्मार्टफोन नसेल तर स्वागतकक्षात त्यांच्या नावाचं कार्ड मागून घ्या. त्यानेच खोली उघडते आणि पार्कातही प्रवेश होतो. त्या एकट्या मागे राहून दुपारभर झोपू शकतात, कोणावर अवलंबून नाही.

आणि एपकॉटची लिव्हिंग विथ द लँड चुकवू नका. नावेतून हरितगृहांमधून नेतात. टोमॅटो, भोपळे, वांगी, काही मुळं हवेत लोंबकळत, काही नुसत्या पाण्यात. आमच्या घरची द्राक्षबाग ठिबकवर वाढलेली. सासूबाई सबंध फेरीभर नळ्या कुठून आल्यात ते बघत होत्या. "अगं, हितं मातीच न्हाई की! आन् वांगी बघ कशी लागल्यात." बाहेर आल्यावर त्यांनी आणखी एक फेरी मागितली. रांग छोटीच होती. त्या दिवशी एपकॉटमध्ये आजी सगळ्यांना समजावून सांगत होती आणि नात ऐकत होती. ज्येष्ठांना घेऊन जाताना दिवसातून एक तरी जागा त्यांच्यासाठी निवडा.

खाणं

पार्कात घरचं खाणं नेता येतं, फक्त काचेची बाटली आणि सुटा बर्फ चालत नाही. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याचे लाडू. हे एवढं असलं की चतुर्थी असो की आजींचं रुसलेलं पोट, अडत नाही. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं, बाटल्या विकत घेऊ नका. खोलीत छोटा फ्रिज आणि कॉफीचं यंत्र असतं, माइक्रोवेव्ह नसतो. यंत्रातून आधी एकदा साधं पाणी काढून टाका, मग आलेल्या गरम पाण्यात झटपट उपमा किंवा पोहे होतात. शिजवायची भांडी नेऊ नका. दही हॉटेलच्या सेंटरटाउन मार्केटमध्ये मिळतं.

मेन्यूवर पानाचं चिन्ह असेल तर त्या पदार्थात मांस, दूध, मध, अंडं काहीच नसतं. अंडं न खाणाऱ्यांना विचारपूस करण्यापेक्षा हे चिन्ह शोधणं सोपं. एक जेवण मात्र बसून करा: ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नीच्या हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटमध्ये. नाना तऱ्हेच्या रोट्या आणि नऊ चटण्या येतात, खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. हॉटेलात राहत असाल तर मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचं त्याच दिवशी करता येतं. जेवण दिवसाउजेडी ठेवा, अंधारात प्राणी दिसत नाहीत.

रात्री परतताना

आतषबाजी संपली की हजारो माणसं एकदमच निघतात. मॅजिक किंगडममध्ये मेन स्ट्रीटवरची दुकानं उघडी असतात. मुलांना आइस्क्रीम द्या, आजींना बाकावर बसवा, अर्धा तास जाऊ द्या. एपकॉटला स्कायलायनरची रांग लांब दिसली तरी भरभर सरकते, तिथे थांबायची गरज नाही.

खोली ३ वाजता मिळते आणि ११ वाजता सोडायची असते, पण येताना लवकर पोहोचलात किंवा जाताना उशिरा निघणार असाल, तर सामान बेल सर्व्हिसकडे ठेवता येतं. आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून गाडीने जातो, आठ-नऊ तासांचा रस्ता. निघायच्या दिवशी पार्क ठेवत नाही. सकाळी तलाव, अकराला सामान गाडीत, सेंटरटाउनमध्ये जेवण आणि लगेच रस्ता, म्हणजे ऑरलँडोच्या संध्याकाळच्या गर्दीआधी आय-४ महामार्ग ओलांडून होतो.