बियांपासून शुक्पाचे रोप

लडाखमध्ये शुक्पा आणि लाहौलमध्ये शुर म्हणतात तो हिमालयातला जुनिपर, एक सदाहरित झाड. गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, निखाऱ्यावर धूप म्हणून त्याचा पाला जळतो. गावदेवाच्या ल्हातोवर, म्हणजे त्याच्या ठाण्यावर, त्याच्याच फांद्यांची जुडी उभी असते आणि लोसरला, म्हणजे नववर्षाला, ती बदलतात. लाकूड टिकाऊ, म्हणून बांधकामात गेले, आणि उरले ते चुलीत. लेहला वर्षाला जेमतेम 100 मिमी पाऊस, त्यात शेळ्यामेंढ्या कोवळी रोपे खुडतात. तोडलेल्या झाडाच्या जागी नवे क्वचितच उगवते. हेमिस शुक्पाचन या गावाच्या नावातच हे झाड आहे. तिथली राई आपल्याकडच्या देवराईसारखी राखली, म्हणून टिकली.

रोपे तयार करायची तर ऑक्टोबरात फळे गोळा करावीत. फळ पिकायला दुसरे वर्ष उजाडते, त्यामुळे एकाच फांदीवर हिरवी आणि निळसर-काळी फळे शेजारी दिसतात. घ्यायची ती काळी, वर पांढुरकी पूड असलेली. राईतली फळे गावाला विचारल्याशिवाय तोडू नयेत. निदान दहाएक झाडांवरून थोडी थोडी घ्यावीत आणि पाखरांसाठी भरपूर ठेवावीत, कारण रानात बी पसरवायचे काम तीच करतात.

फळे दोन दिवस पाण्यात भिजवून जाळीवर चोळावीत. गर राळेने चिकट असतो; भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब टाकले की सुटतो. मग बी पाण्यात सोडावे. तरंगेल ते पोकळ, फेकून द्यावे. बुडालेले सगळे भरलेले असतेच असे नाही, म्हणून त्यातले 20 दाणे कापून पाहावेत. आत पांढरा, घट्ट गर दिसला तर बी चांगले. 20 पैकी 5 भरलेले निघाले, तर शंभर रोपांसाठी किमान चारशे बिया लागणार, आणि त्यातही सगळ्या रुजणार नाहीत. ही मोजणी टाळणारे पुढे पाण्याला आणि मातीला दोष देत बसतात.

शुक्पाच्या बीचे कवच टणक असते आणि आतला अंकुरही झोपलेला असतो. त्याला आधी ऊब लागते, मग थंडी. एक भाग बी तीन भाग ओल्या वाळूत मिसळून भोके पाडलेल्या डब्यात भरावे. वाळू मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. नोव्हेंबर ते जानेवारी हा डबा बुखारी, म्हणजे खोली तापवायची शेगडी, असलेल्या खोलीत, साधारण 20 अंशांवर ठेवावा. फेब्रुवारी ते एप्रिल 3 ते 5 अंशांवर. फ्रीजचा खालचा कप्पा चालतो. दर पंधरवड्याला डबा उघडून हलवावा, बुरशी दिसली तर बी धुऊन वाळू बदलावी. ऊब गाळून थेट थंडी दिली तर बरेच बी वर्षभर तसेच पडून राहते.

मेच्या सुरुवातीला पेरणी. दोन भाग जाड वाळू, एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत. बी एक सेंटीमीटर खोल. वर अर्धी सावली देणारी शेडनेट हवी. पाणी झारीने, सकाळी. संध्याकाळी ओल राहिली की कोंब बुडाशी सडून आडवे होतात. पहिल्या वर्षी वाफा विरळ दिसला तरी मोडू नये, उरलेले बी पुढच्या वसंतात वर येते.

कोंब बोटभर झाले की 25 ते 30 सेंमी खोल पिशवीत हलवावेत. आखूड पिशवीत मूळ गोल फिरते आणि तसले रोप डोंगरावर पहिल्याच कोरड्या उन्हाळ्यात वाळते. फाटे कलमही लागते, पण एकाच झाडाचे फाटे लावले तर सगळी झाडे बहुधा एकाच लिंगाची निघतात आणि फळे धरत नाहीत.

लागवड दोन-तीन वर्षांच्या रोपांची, बर्फ वितळल्यावर. खड्डा 45 सेंमी. दक्षिणेला एक मोठा दगड ठेवला की दुपारचे ऊन अडते आणि ओल टिकते. पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावे. कुंपण मात्र त्याहून जास्त काळ लागते; झाड शेळीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत ते काढू नये.

धुपासाठी पाला घ्यायचा तो मोठ्या झाडाच्या बाहेरच्या टोकांचा, एका फांदीवरून वीतभरच. सावलीत वाळवावा, उन्हात वास उडतो. चिमूटभर पाला निखाऱ्यावर पुरतो. ज्वाळेवर टाकला तर भसकन पेटून जातो.