गाडी मधूनच मिसिंग करते आणि कुलंटही कमी होतंय? या चुका टाळा

"काय बदलू?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. गाडी कधीतरी मधूनच मिसिंग करते, म्हणजे एखादं सिलिंडर नीट पेटत नाही आणि इंजिन झटके मारतं, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि आपोआप जातो, कुलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची) टाकी महिन्याभरात बोटभर खाली गेलेली असते, आणि लोकांना लगेच पार्टची यादी हवी असते. मी म्हणतो एकही पार्ट घेऊ नका, गाडी एक रात्र पूर्ण थंड होऊ द्या आणि सकाळचा पहिला सेल्फ मारायच्या आधी माझ्याकडे असू द्या. निम्म्या लोकांना हे पटतच नाही, एक रात्र त्यांना फार वाटते, आणि तेच लोक नंतर तीन महिने गॅरेजच्या चकरा मारतात.

गरम गाडी तपासायची आणि "सगळं ओके" म्हणायचं

ही चूक मी इतक्या वेळा बघितली आहे की आता राग येतो, आणि एकदा मी स्वतः पण केली आहे म्हणून नीट सांगतो.

एक चार सिलिंडरची पेट्रोल गाडी आली होती. माझ्याकडे येईपर्यंत तिच्यात नवे प्लग, चारही नव्या कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या) आणि एक नवा इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) बसवून झाला होता. तक्रार एकच, सकाळी सुरू केली की २०-३० सेकंद गाडी थरथरते, एक सिलिंडर मेल्यासारखं वाटतं, मग एकदम सुरळीत होते ती दिवसभर काही नाही. मालक ऑफिसला जाताना किंवा दुपारी गॅरेजमध्ये न्यायचे, तोपर्यंत इंजिन गरम, स्कॅनर लावला की जुना पी०३०३ कोड दिसायचा म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, पण लाइव्ह डेटामध्ये काहीच नाही. मग कोणीतरी अंदाजाने एक पार्ट बदलायचं आणि कोड पुसून गाडी परत द्यायचं.

मी पण पहिल्या दिवशी दुपारीच बघितली. कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडर हवा किती दाबतं ते मोजलं, चारही सिलिंडर जवळपास सारखे आले, आणि मी सांगून टाकलं की हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) ठीक आहे. चुकलो. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये इंजिन सेल्फवर काही सेकंद फिरतं, तेवढ्यात केसाएवढी फट पकडली जात नाही. कॉम्प्रेशन खराब आलं तर गडबड नक्की आहे, शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचं एकदम पडलं तर दोघांच्या मधली गॅस्केट जळाल्याची शंका घ्यायची, पण कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून गॅस्केट चांगली असं होत नाही.

जाता जाता मालकांना कुलंटचं विचारलं. "अहो ते थोडं कमी होतं, मी टाकतो की मधेमधे." कधीपासून? "सहा-सात महिने झाले असतील." सहा-सात महिने! आणि हे आधीच्या एकाही मेकॅनिकला त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. बंद सर्किट आहे ते, सहा महिने कुलंट कमी होतंय म्हणजे ते कुठेतरी जातंय, आणि खाली जमिनीवर डाग नाही म्हणजे ते इंजिनच्या आत जात असण्याची शक्यता पहिल्यांदा बघायला हवी होती.

मग गाडी ठेवून घेतली. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरवर प्रेशर टेस्टर लावला आणि झाकणावर छापलेलं असतं तेवढंच प्रेशर दिलं, त्या गाडीला १.१ बार. त्याच्यावर देऊ नका, चांगला पाईप किंवा रेडिएटरचा जॉइंट उगाच फोडून बसाल. दहा मिनिटं काटा हलला नाही. इथेच बहुतेक लोक टेस्टर काढून "लीक नाही" म्हणून मोकळे होतात. मी तो तसाच रात्रभर ठेवला. सकाळी काटा ०.७ वर होता. हवा गार झाली की काटा थोडा उतरतोच, म्हणून मी नुसत्या काट्यावर विश्वास ठेवत नाही, प्लग काढून बघतोच. तिसऱ्या प्लगचं टोक ओलं. बोरोस्कोपचा कॅमेरा आत सोडला तर पिस्टनच्या डोक्यावर हिरवट पाण्याचं छोटं तळं साचलेलं, आणि तो पिस्टन बाकी तिघांपेक्षा चकचकीत, वाफेने धुतल्यासारखा. तीन पिस्टनवर काळा कार्बन आणि एकच स्वच्छ, हे दिसलं की मला पुढचं फार शोधावं लागत नाही.

कारण सोपं आहे. गाडी बंद केली तरी कूलिंगमधलं प्रेशर बराच वेळ टिकून असतं, आणि सिलिंडरमध्ये मात्र आता स्फोट होत नसतात, म्हणजे कुलंटला मागे ढकलणारं काही नाही. ते रात्रभर फटीतून थेंबथेंब आत झिरपतं. सकाळी प्लग ओला, सिलिंडर पेटत नाही, अर्ध्या मिनिटात ते पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून पांढऱ्या गोडसर वासाच्या धुरातून जातं आणि इंजिन नीट होतं. गरम झालं की धातू फुगून ती फट बऱ्यापैकी बसते. मग दुपारी काय सापडणार?

एक गोष्ट जीव तोडून सांगतो. कुलंट आत जात असल्याची शंका असेल तर रात्रभर प्रेशर ठेवल्यावर प्लग काढल्याशिवाय सेल्फ मारू नका. पाणी दाबलं जात नाही, सिलिंडरमध्ये जास्त साचलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि गॅस्केटचं काम पूर्ण इंजिनचं होऊन बसतं. आधी प्लग काढा, फ्युएल आणि प्लगची ठिणगी बंद करा, प्लगच्या भोकांवर वाकून बघत बसू नका, मग सेल्फ मारा. ज्या भोकातून फवारा उडेल तो सिलिंडर तुमचा.

निळ्या लिक्विडची टेस्ट पण लोक अशीच घाईत करतात. रेडिएटरच्या तोंडावर निळं लिक्विड भरलेली नळी धरायची, कुलंटवरची हवा त्यातून ओढायची, जळलेला गॅस येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. पण थंड इंजिनवर दोन मिनिटं पंप मारून काय कळणार, थर्मोस्टॅट (गरम झाल्यावर कुलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत इंजिन चालू द्यायला हवं. आणि कुलंटची पातळी आधी थोडी उतरवून घ्या, नाहीतर कुलंटच नळीत ओढलं जातं आणि लिक्विड वाया. रंग बदलला तर गॅस्केट किंवा हेड गेलंय हे मी मानतो. रंग नाही बदलला तर मी फक्त "अजून कळलं नाही" म्हणतो, कारण थंडपणी आत झिरपणारी बारीक फट गरम झाल्यावर गॅस बाहेर सोडेलच असं नाही.

मिसिंग आणि कुलंट एकत्र दिसलं की डायरेक्ट हेड खोलायचं

वरची गोष्ट वाचून आता कोणीतरी लगेच हेड खोलायला निघेल, म्हणून ही दुसरी.

एका गाडीचं हेड दुसरीकडे खोलून, गॅस्केट बदलून झाली होती आणि मिसिंग जसंच्या तसं. कुलंट पण कमी होतच होतं. मी आधी फक्त एकच विचारलं, कधी करते? सकाळी एकदम मस्त, पण तासभर मोठ्या रस्त्यावर पळवली की झटके मारायला लागते. म्हणजे वेळ अगदी उलटी. इंजिनवरचं कव्हर काढून टॉर्च मारला तर थर्मोस्टॅट हाउसिंगच्या खालून पांढरट-हिरवट वाळलेल्या कुलंटची रेघ, ती थेट एका कॉइलच्या कनेक्टरपर्यंत गेलेली. सील कडक झालं होतं, थंडपणी टिकायचं, प्रेशर चढलं की बारीक फवारा, तो कनेक्टरवर, आणि गरम इंजिनवर लगेच वाळून जायचा म्हणून जमिनीवर थेंब नाही. कनेक्टरच्या पिनांवर हिरवा गंज. नवीन सील, नवीन कनेक्टर, काम झालं. बिचाऱ्याचं हेड विनाकारण उघडलं गेलं.

म्हणून माझी सवय अशी की गाडीला हात लावायच्या आधी मालकाकडून एक वही लिहून घेतो, आठ दिवसांची. थंड होती की गरम, पाऊस होता का, चढावर का आयडलवर, आदल्या दिवशी इंजिन धुतलं होतं का, कुलंटची पातळी सकाळी किती. फार लोक कंटाळा करतात पण ज्यांनी लिहिलं त्यांचं निदान मी अर्ध्या वेळात केलंय. थंडपणी पहिलं अर्धं मिनिट थरथरून नीट होत असेल तर आत झिरपणारं कुलंट. पावसात किंवा इंजिन धुतल्यावर असेल तर प्लगच्या खड्ड्यात पाणी, नाहीतर कॉइलच्या रबराला तडा. लोड घेताना असेल तर प्लग, कॉइल, फ्युएल प्रेशर. फक्त आयडलवर असेल आणि रेस दिली की जात असेल तर कुठूनतरी चोरटी हवा आत येतेय, इनटेकचे रबर पाईप बघा. हे काही दगडावरची रेघ नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

आणि हो, दोन आजार वेगवेगळे पण असू शकतात. वॉटर पंप गळतोय आणि कॉइल पण मरतेय, एकमेकांचा काही संबंध नाही, असं जुन्या गाडीत सर्रास असतं.

दोन गोष्टी एकाच वेळी बदलायच्या

नवीन शिकणाऱ्या पोरांना मी हे सांगून थकलो. तिसऱ्या सिलिंडरचा कोड आहे ना, मग तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर टाका, पहिल्याची तिसऱ्यावर, बाकी कशाला हात नाही, गाडी चालवा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब, तिसऱ्यावरच राहिला तर कॉइल चांगली, मग असाच प्लग हलवा, मग इंजेक्टर. फुकटात होतं हे सगळं. पण घाई असते ना, प्लग आणि कॉइल एकदमच बदलतात, गाडी नीट झाली तर कशामुळे झाली माहीत नाही, आणि बऱ्याचदा ती नुसता कनेक्टर काढून परत दाबून बसवल्यामुळे झालेली असते, दोन-तीन आठवड्यात परत सुरू.

बाकीच्या चुका पटापट सांगतो.

कोड लिहून न घेता पुसणे. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम असते, त्या क्षणी इंजिनचं तापमान, आरपीएम, लोड किती होतं ते त्यात असतं, मधूनच येणाऱ्या प्रॉब्लेमला तोच एक साक्षीदार, आणि लोक तो पहिल्या मिनिटाला पुसतात.

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असताना गाडी दामटणे. लुकलुकणारा दिवा म्हणजे न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरचा धूर साफ करणारा भाग) जाऊन तो तापतोय. हळू करा, थांबा.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलई दिसली की गॅस्केट गेली म्हणणे. छोट्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत वाफ साचून पण तसं होतं. डिपस्टिक बघा, ऑइलची पातळी वाढली आहे का, ते दुधाळ झालंय का.

लीक बंद करायची पावडर टाकणे. मी माझ्या हाताने कधीच टाकत नाही. हीटरच्या बारीक नळ्या तुंबतात, आणि खरा लीक कुठे होता ते पण नंतर सापडत नाही.

गरम इंजिनचं झाकण उघडणे. प्रेशरखाली अर्धं कुलंट अर्धं पाणी १२५ अंशांच्या पुढे जाऊनच उकळतं, झाकण उघडलं की प्रेशर जातं आणि ते सगळं एकदम उकळून अंगावर येतं. याला अपवाद नाही.

कुलंट कमी तर नुसतं नळाचं पाणी टाकत राहणे. आतून गंज आणि क्षार. आणि पातळी फार खाली गेली तर टेम्परेचर सेन्सर हवेत राहतो, काटा नॉर्मल दाखवतो आणि इंजिन जळत असतं.

काचेवर आतून चिकट धुकं आणि पायाखालचं कार्पेट ओलं असताना इंजिनमध्ये लीक शोधत बसणे. तिथे गळतोय तो हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर.

गॅस्केट बदलताना हेड सपाट आहे का ते न मापता बसवणे, आणि जे बोल्ट कंपनी एकदाच वापरा सांगते तेच परत आवळणे. सहा महिन्यात तीच गाडी परत येते. सरळपट्टी आणि फीलर गेज घेऊन बघायला दहा मिनिटं लागतात.

त्या पहिल्या गाडीचं हेड तिसऱ्या सिलिंडरच्या बाजूला खरंच वाकलेलं निघालं, फेसिंग करून (तळ घासून सपाट करून), नवीन बोल्ट आणि गॅस्केट टाकून बसवलं. ऑइल आणि फिल्टर पण बदलला, कारण ऑइलमध्ये थोडं जरी कुलंट गेलं असेल तरी बेअरिंग खातं. हवा काढून कुलंट भरलं, टाकीवर मार्करने रेघ मारून दिली आणि मालकांना सांगितलं आठ दिवस रोज सकाळी सेल्फच्या आधी बघा आणि मला कळवा. त्यांनी आठही दिवस फोटो पाठवले, रेघ हलली नाही. नवव्या दिवशी मी तिसरा प्लग काढून बघितला, टोक कोरडं, हलका तपकिरी रंग.