कथा वाचणाऱ्यांच्या कट्ट्यात सामील व्हायचं तर

‘कट्टा’ म्हणून गावोगावी जे चालतं, त्यात कथेवर खरोखर चर्चा होतेच असं नाही. कुठे वक्ता बोलतो आणि बाकीचे ऐकतात, कुठे अभिवाचन होऊन चहापान होतं, तर कुठे प्रत्येक जण स्वतःची कथा वाचून दाखवायला आलेला असतो. यात वाईट काही नाही, पण तुम्हाला वाचलेल्या कथेवर बोलायचं असेल तर संयोजकाला आधी एकच विचारा: ‘पुढच्या वेळी काय आहे?’ उत्तरात कथेचं नाव आलं तर जा. पाहुण्याचं नाव आलं तर तो कार्यक्रम आहे.

असा गट शोधायला सार्वजनिक वाचनालयासारखी दुसरी जागा नाही. सूचनाफलक बघाच, पण त्यापेक्षा देवघेवीच्या टेबलावर चौकशी करा. कथासंग्रह नियमाने कोण नेतं, हे तिथल्या माणसाला तोंडपाठ असतं. गर्दीची वेळ टाळा. स्वतः सभासद व्हा. अनामत आणि वर्गणी भरावी लागते, पण कथेची प्रत मिळवण्याचा प्रश्न तिथेच सुटतो. पुस्तक भिशी (ठरावीक पैसे जमवून पाळीपाळीने पुस्तकं घेणं) चालवणाऱ्या मंडळींकडेही विचारून बघा.

नव्या माणसाने शिरायला सर्वांत सोयीचा काळ म्हणजे दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेचा हा हंगामच ठरून गेला आहे. अंकातली कथा सगळ्यांनाच नवी असते, त्यामुळे ‘यावर आपलं पूर्वी बोलणं झालंय’ असं म्हणून जुने सभासद तुम्हाला गप्प करू शकत नाहीत.

बैठकीला जाण्याआधी कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा एका दमात, न थांबता. दुसऱ्यांदा दोन-तीन दिवसांनी, हाताशी कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन (वाचनालयाच्या पुस्तकात पेन्सिल चालवू नका). तीन जागा पुरेत: जिथे अडखळलात ती, जिथे काहीतरी उलटलं ती, आणि जिचं कारण कळलं नाही ती. पृष्ठक्रमांकावर विसंबू नका. आवृत्ती बदलली की पानं बदलतात आणि पाच मिनिटं शोधाशोधीत जातात. परिच्छेदाचे पहिले चार शब्द लिहून ठेवा.

बोलताना अभिप्रायापेक्षा जागा दाखवा. ‘कथा मनाला भिडली’ या वाक्याला कोणी काय उत्तर देणार? त्याऐवजी समजा तुम्ही म्हणालात, ‘अख्ख्या कथेत सून निनावी आहे आणि शेवटून तिसऱ्या परिच्छेदात सासू तिला पहिल्यांदा नावाने हाक मारते, हे इतकं उशिरा का?’ लगेच चार जण पुस्तक उघडतात. कोणीतरी म्हणतं, आधीही एकदा नाव येतं, नीट बघा. तिथून पुढे बैठक आपोआप चालते. पहिल्या वेळी असा एक प्रश्न पुरे, उरलेला वेळ ऐका.

गाडी हमखास घसरते ती तीन ठिकाणी. पहिलं, लेखकाचं खासगी आयुष्य. दुसरं, ‘आमच्या काळी’. तिसरं, सगळा वेळ खाणारा एक सभासद, जो प्रत्येक गटात असतो. नव्या माणसाने त्याला अडवू नये. ‘हे कथेत नेमकं कुठे दिसतं?’ असं साधेपणाने विचारावं. त्याला वाक्य शोधावं लागतं आणि तेवढ्यात दुसऱ्याला तोंड उघडता येतं. सगळ्यांची वाचून झालेली नसताना शेवट सांगून टाकणं हा मात्र खरा गुन्हा. आधी विचारून घ्या.

व्हॉट्सअॅप गटात लगेच घेतलं नाही म्हणून रुसू नका. बरेच गट एक-दोन बैठका माणूस बघून मगच घेतात. घेतल्यावर तिथे पूर्ण पुस्तकाची पीडीएफ टाकू नका: भारतात लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो.

काही बैठकांनंतर कथा निवडायची पाळी तुमच्यावर येईल. आठ ते बारा पानांची घ्या. बैठकीत कथा मोठ्याने वाचायची तर पानाला अडीच-तीन मिनिटं लागतात, म्हणजे दहा पानांची कथा वाचायला अर्धा तास जातो आणि दीड तासाच्या बैठकीत बोलायला तासभर उरतो. चाळीस पानी दीर्घकथा निवडली तर निम्मे लोक अर्धवट वाचून येतात. आवडती कथा निवडण्याचा मोहही आवरा. तिच्यावर कोणी बोट ठेवलं की आपण वकिली करायला लागतो. जिच्याबद्दल स्वतःचंच मत पक्कं झालेलं नाही, ती न्या.