मियाटामध्ये व्ही-8 बसवताना मागचे डिफरेन्शियल निवडताय? या चुका टाळा

माझदाच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 मियाटामध्ये जनरल मोटर्सचे एलएस1 हे 5.7 लिटरचे व्ही-8 (आठ सिलिंडरचे) इंजिन बसवणे हा अमेरिकेतील हौशी मंडळींचा जुना उद्योग आहे. इंजिन आणि टी56 गिअरबॉक्स मिळवण्यात सारी शक्ती आणि बहुतेक पैसे खर्च होतात आणि डिफरेन्शियलचा (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या भागाचा) विचार उरलेल्या शनिवारी उरकला जातो. अशा गाड्यांत पहिला मोठा आवाज बहुधा मागूनच येतो, तो याच कारणाने. (भारतात हा प्रयोग करू पाहणाऱ्याने आधी मोटार वाहन कायदा, 1988 मधील कलम 52 वाचावे. उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मनाई केली आहे. म्हणून पुढील विवेचन जिथे असे बदल कायदेशीर आहेत तिथल्या गाड्यांबाबतचे आहे.)

सर्वांत मुळातली चूक म्हणजे अश्वशक्तीच्या आकड्यावरून डिफरेन्शियल निवडणे. क्राउन (डिफरेन्शियलमधले मोठे दातेरी चाक) आणि पिनियन (त्याला फिरवणारे लहान दातेरी चाक) यांच्या दातांना अश्वशक्ती जाणवत नाही, त्यांना टॉर्क (फिरवण्याचा जोर) जाणवतो, आणि तोही इंजिनाचा नव्हे, तर गिअरबॉक्सने वाढवून दिलेला. एलएस1 चा टॉर्क सुमारे 475 न्यूटन-मीटर आणि टी56 च्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर 2.66 धरले, तर पिनियनपाशी सुमारे 1260 न्यूटन-मीटर पोहोचतात. मूळ 1.6 लिटर मियाटाचे इंजिन सुमारे 135 न्यूटन-मीटर देते आणि पहिल्या गिअरच्या 3.136 गुणोत्तरानंतर पिनियनवर जेमतेम 425 येतात. म्हणजे भार जवळजवळ तिप्पट झाला.

हे गणित इथेच थांबवणे ही दुसरी चूक, कारण टायर घसरला की चाकाकडे जाणारा टॉर्क तिथेच अडतो. मागच्या चाकांवर 700 किलो भार, घर्षणगुणांक 1 आणि चाकाची त्रिज्या 0.29 मीटर धरल्यास चाकांना सुमारे 2000 न्यूटन-मीटरच पेलतात. मूळ गाडी 4.30 च्या अंतिम गुणोत्तरासह (चाकाच्या एका फेरीला पिनियनच्या किती फेऱ्या लागतात तो आकडा) पहिल्या गिअरमध्ये सुमारे 1820 पर्यंत जाते आणि दुसऱ्यात 1100 वर उतरते, म्हणजे टायरच्या मर्यादेजवळ ती क्षणभरच असते. व्ही-8 गाडी 3.27 गुणोत्तरासह पहिल्या गिअरमध्ये 4130, दुसऱ्यात 2765 आणि तिसऱ्यातही 2020 च्या घरात असते. टायरची पकड हे डिफरेन्शियलचे फ्यूजच आहे असे मानले, तर मूळ गाडीत तो फ्यूज क्वचित तापतो आणि बदललेल्या गाडीत सलग तीन गिअर तापलेला असतो. रुंद, चिकट टायर बसवणारा माणूस प्रत्यक्षात फ्यूजची क्षमता वाढवत असतो, आणि तरीही तारा जुन्याच ठेवतो. क्लच एकदम सोडल्यावर बसणारा धक्का आणि चाकांची उसळी या हिशेबात धरलेलीच नाही, आणि दात प्रत्यक्षात बहुतेकदा त्यांनीच तुटतात. त्यामुळे आधी टायर ठरवावा, मग अर्धशाफ्ट (डिफरेन्शियलपासून चाकापर्यंतचा दांडा), मग डिफरेन्शियल. म्हणजेच चाकाकडून इंजिनाकडे यावे.

1.6 लिटर मियाटाचा क्राउन सुमारे सहा इंच व्यासाचा आहे आणि 1994 पासूनच्या 1.8 लिटर गाड्यांत सात इंची आला. सात इंची भाग टर्बो लावलेल्या मूळ इंजिनाला समाधानकारक साथ देतो, मात्र व्ही-8 च्या पूर्ण जोरासाठी तो निवडणे हा तात्पुरता समझोता ठरतो. याउलट, 'सर्वांत मजबूत तेच घ्यावे' म्हणून फोर्डचे नऊ इंची आणणारेही काही जण भेटतात. 1957 ते 1986 या काळातील तो भाग खरोखरच दणकट आहे. त्याच्या पिनियनला दातांच्या पलीकडच्या टोकालाही बेअरिंगचा आधार असतो. परंतु पिनियन क्राउनच्या मध्यापासून बराच खाली असल्याने दात एकमेकांवर जास्त घासतात आणि थोडी शक्ती वाया जाते. शिवाय तो अखंड एक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाके एकाच आडव्या एक्सलने जखडलेली असतात. मियाटाचे स्वतंत्र मागचे सस्पेन्शन काढून तो बसवणे म्हणजे ज्या गुणासाठी ही गाडी घेतली तोच गुण विकून टाकणे होय.

व्यवहार्य उत्तर म्हणून बरेच जण फोर्डच्या 8.8 इंची भागाकडे वळतात, आणि इथे नावाचा घोटाळा होतो. '8.8' हा केवळ क्राउनचा व्यास आहे. 2001 पर्यंतच्या एक्सप्लोररमधला 8.8 अखंड एक्सलचा, थंडरबर्डमधला स्वतंत्र सस्पेन्शनचा आणि 1999 पासूनच्या मस्टँग कोब्रामधलाही स्वतंत्र सस्पेन्शनचाच असतो. त्यातही 1999 आणि 2001 च्या कोब्रात अर्धशाफ्टला 28 दाती खाचा आहेत, तर 2003-04 मध्ये 31 दाती. हा फरक किरकोळ वाटतो, पण शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; व्यास दहा टक्के वाढला की ताकद सुमारे तेहतीस टक्के वाढते. भंगारवाल्याकडून 'एट पॉइंट एट' एवढ्याच शब्दांवर माल उचलू नये. कोणत्या गाडीतून आणि कोणत्या वर्षीच्या मॉडेलमधून निघाला ते विचारावे, आणि खाचा स्वतः मोजाव्यात.

गुणोत्तराच्या बाबतीत 'जास्त आकडा म्हणजे जास्त मजा' ही समजूत महागात पडते. 205/50 आर 15 टायरवर 4.10 ठेवले तर 6000 फेऱ्यांना पहिला गिअर सुमारे 61 किलोमीटर वेगाला संपतो, 3.27 वर तोच 76 पर्यंत जातो, आणि सहाव्या गिअरमध्ये 100 च्या वेगाला इंजिन 1500 फेऱ्यांच्या आसपास निवांत फिरते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की क्राउनचा आकार तोच ठेवून आकडा वाढवला की पिनियन लहान होतो आणि मूळ ताकदच घटते. टॉर्क भरपूर असलेल्या इंजिनाला कमी आकड्याचे गुणोत्तर सर्व बाजूंनी सोयीचे असते.

आता सर्वाधिक दुर्लक्षित भाग, म्हणजे डिफरेन्शियलला पकडून ठेवणारी चौकट. मियाटात गिअरबॉक्स आणि डिफरेन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब चौकट असते. डिफरेन्शियलचे नाक (पुढचे टोक) वर उचलण्याची जी ओढ असते, ती ही चौकट सोसते. टी56 बसवताना ती काढावीच लागते, आणि पुष्कळदा मागचे दोन बुश (धक्के शोषणारे आधार) तेवढे राखून नाकाला एखादी पट्टी वेल्ड केली जाते. पट्टी वाकते, नाक उचलले जाते, गिअरबॉक्सकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि कंपन सुरू होते. मग मालक शाफ्टचे बॅलन्सिंग दोनदा करून घेतो आणि दोष तसाच राहतो. नाकाचा आधार सबफ्रेमला (सस्पेन्शन पेलणाऱ्या चौकटीला) त्रिकोणी बांधणीने जोडावा आणि दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटचे कोन मापून त्यांतील फरक एका अंशाच्या आत ठेवावा. बुश अगदी कडक घेतले तर गुणगुण थेट केबिनमध्ये येते, आणि अगदी मऊ घेतले तर चाके उसळतात. रस्त्यावरच्या गाडीला मधल्या कडकपणाचे पॉलियुरेथेन मला योग्य वाटते. डिफरेन्शियल मूळ कोनापेक्षा तिरके बसले असेल, तर तेल भरण्याच्या बोल्टची पातळी फसवी ठरते. बोल्टच्या भोकातून तेल ओघळले तरी नाकाकडचे बेअरिंग कोरडे असू शकते, म्हणून मूळ कोनात भरायचे प्रमाण आधीच मापून ठेवावे.

अर्धशाफ्ट बनवून घेताना सस्पेन्शन पूर्ण दाबलेले आणि पूर्ण लोंबते, अशा दोन्ही अवस्थांत आतील जॉइंट किती सरकतो ते मोजावे. केवळ गाडी उभी असताना घेतलेल्या मापावर बनवलेला शाफ्ट खड्ड्यात दाबला जाऊन डिफरेन्शियलच्या बाजूच्या बेअरिंगवर आदळतो. लिमिटेड स्लिपच्या (एकच चाक मोकळे फिरण्याला आळा घालणाऱ्या डिफरेन्शियलच्या) बाबतीत थोडक्यात इतकेच सांगता येईल की टॉर्सन प्रकार सुखद असला तरी एखादे चाक हवेत उचलले गेले की तो जवळजवळ साध्या डिफरेन्शियलसारखा वागतो. क्लच प्रकाराला मात्र तेलात घर्षण-सुधारक द्रव लागतोच.

आवाजांवरून निदान करताना घाई नडते. सावकाश वळताना मागून थरथरता आवाज आला, तर दात तुटल्याचे समजून हाउसिंग उघडू नये. बहुतेक वेळा तो सुधारक द्रवच घातलेला नसतो. गॅस देताना किंवा सोडताना, यांपैकी एकाच वेळी रडल्यासारखा आवाज येत असेल, तर पिनियनची खोली किंवा दातांमधील मोकळीक चुकलेली असते. रंगद्रव्य लावून दातांवरचा ठसा पाहिल्याशिवाय शिम (अंतर साधणाऱ्या पातळ चकत्या) बदलू नयेत. वेगाबरोबर वाढणारी आणि गॅसशी संबंध नसलेली घरघर बेअरिंगची असते. वळताना टकटक झाली, तर अर्धशाफ्टचा बाहेरचा जॉइंट पाहावा. गिअर टाकताना धप्प आवाज आला, तर आधी बुश आणि प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासावेत, मोकळीक त्यानंतर.

जुळवणी स्वतः करणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे. फोर्ड 8.8 च्या पिनियनवर नव्या बेअरिंगसह फिरवण्याचा प्रतिरोध 16 ते 29 इंच-पाउंड, म्हणजे सुमारे 1.8 ते 3.3 न्यूटन-मीटर असावा, आणि तो पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दाबल्या जाणाऱ्या नळीने साधला जातो. नट जरा जास्त आवळला गेला की 'थोडा सैल करू' हा मोह होतोच. दाबली गेलेली नळी परत ताणली जात नाही, त्यामुळे नट मागे फिरवला की बेअरिंगला आधार उरत नाही. पिनियन पुन्हा काढून नवी नळीच घालावी लागते. ती स्वस्त असते, म्हणून सुरुवातीलाच दोन घेऊन ठेवाव्यात. पहिल्या फेरीत पंधरा-वीस मिनिटे हलक्या हाताने चालवून डिफरेन्शियल पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पाचशे मैलांनंतर तेल बदलावे. त्या पहिल्या तेलात चकाकी दिसली तर घाबरू नये. चुंबकी बोल्टला धातूचे तुकडे चिकटलेले निघाले, तर मात्र गाडी तिथेच उभी करावी.