डाव्या सीटसमोरचा ओला गालिचा

गाडीतल्या गालिच्यावरचं पाणी आधी बोटाला लावून पाहिलं. चिकट, गोडसर वासाचं असतं तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), म्हणजे हीटर कोअरची, हीटरच्या छोट्या रेडिएटरची, गळती. ते काम गॅरेजचंच. हे साधं पाणी, एसी लावल्यावरच येणारं. दमट हवेत 15 मिनिटं एसी चालवूनही गाडीखाली थेंब पडत नसतील तर एसीचं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबलेली, बहुधा धूळ आणि बुरशीने. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) खालच्या बाजूला तिचं रबरी तोंड सापडलं. गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हळूच आत फिरवली आणि भळाभळा पाणी आलं. तार घालू नये, एव्हॅपोरेटरला (एसीच्या हवा थंड करणाऱ्या भागाला) भोक पडलं तर खर्च हजारांत. गालिच्याखालचा फोम मात्र उचलून वाळवावाच. वरून कोरडा वाटला तरी पाणी धरून ठेवतो, आणि बऱ्याच गाड्यांत वायरिंग तिथूनच जातं.