पेटीतून निघालेली एटीव्ही मुलाच्या हाती देण्याआधी

दिवाळीला मुलासाठी छोटी एटीव्ही, म्हणजे मोटारसायकलसारखं हँडल असलेली चार जाड टायरांची गाडी, घ्यायचं ठरवलं असेल, तर ती धनत्रयोदशीला दारात येईल अशा बेताने मागवू नका. मधे दोन शनिवार तरी मोकळे ठेवा. इथे अमेरिकेत हजार डॉलरच्या आसपास मिळणारी ११० सीसीची चिनी एटीव्ही लोखंडी सांगाड्यात बांधून ट्रकने येते. हँडल, पुढची चाकं, बंपर आणि बऱ्याचदा शॉकॲब्सॉर्बरही आपणच बसवायचे असतात. उरलेला भाग जोडलेला असतो, पण तो कुणी तपासला हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. म्हणून आधीपासून आवळलेला प्रत्येक नट सैल आहे असं धरूनच पाना हातात घ्या.

हे मी अनुभवाने सांगतोय. आमची पहिली गाडी विक्रेत्यानेच जोडून दिली होती. मी तेल पाहिलं, ब्रेक पाहिले आणि मुलीला बसवलं. परसातल्या तिसऱ्या फेरीला तिने हँडल उजवीकडे वळवलं, पण डावं चाक सरळच राहिलं आणि गाडी कुंपणावर गेली. वेग माणसाच्या चालीइतका होता म्हणून ओठ फुटण्यावर निभावलं. हँडलचं वळण चाकापर्यंत नेणाऱ्या दांडीच्या, म्हणजे टाय रॉडच्या, नटात तो फिरू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन घातलेलीच नव्हती. नट फिरत फिरत निघून गवतात पडला होता. माझं लहानपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वडिलांच्या वर्कशॉपमध्ये गेलं. तरीही मी खाली वाकून पाहिलं नव्हतं. ती चूक माझी होती.

पैसे भरण्याआधी गाडीवरचं लेबल वाचा. २००८च्या कायद्याने अमेरिकेत एटीव्हीसाठीचं सुरक्षा मानक सक्तीचं झालं. गाडी ते पाळते असं सांगणारं लेबल तिच्यावर असावं लागतं, आणि बनवणाऱ्याकडे किंवा वितरकाकडे कन्झ्युमर प्रॉडक्ट सेफ्टी कमिशनने, म्हणजे ग्राहक वस्तूंच्या सुरक्षेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्य केलेली सुरक्षेची कृती योजना असावी लागते. मुलांच्या गाड्यांचे गट वयानुसार आहेत: सहा, दहा आणि बारा वर्षांपुढे. सहा वर्षांपुढच्या गटाला ताशी १५ मैलांची कमाल मर्यादा आहे. स्वस्त आयात गाड्यांबद्दल कमिशन वारंवार इशारे देतं. त्यांत जादा वेग, पार्किंग ब्रेक आणि सस्पेन्शनबरोबर हँडलचाही उल्लेख असतो, कारण धडकेत मुलाचं पोट किंवा छाती हँडलवर आपटून खोल जखम होऊ शकते. कमिशनच्या संकेतस्थळावर मॉडेलचं नाव टाकून पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आणि एक गोष्ट मी दडवणार नाही: सोळा वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवूच नये, असं अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत आहे. मी आणि बायकोने ते वाचून, बोलून आमचा निर्णय घेतला. तुम्हीही आधी वाचा.

आता अवजारं. मिलिमीटरचे पाने, ठरावीक जोराने आवळता येणारा टॉर्क रेंच, वेगवेगळ्या मापांच्या स्प्लिट पिनांचं पाकीट, आटे सैल होऊ न देणारं मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर, ग्रीस गन, टॉर्च, पांढरा पेंट मार्कर आणि कमी दाब मोजणारा गेज. मोटारीचा गेज इथे कामाचा नाही. या टायरांत दोन ते पाच पीएसआय एवढीच हवा असते, आणि डाव्या-उजव्या टायरात एक पीएसआयचा फरक पडला तरी गाडी एका बाजूला ओढते. नेमका आकडा गाडीवरच्या लेबलवर किंवा माहितीपुस्तिकेत पाहा.

सुरुवात स्टिअरिंगपासून करा आणि त्याला अख्खी सकाळ द्या. गाडीचा पुढचा भाग घट्ट स्टँडवर उचला, म्हणजे चाकं अधांतरी राहतील. एकाने हँडल डावीकडे-उजवीकडे बोटभर हलवत राहायचं आणि दुसऱ्याने टाय रॉडच्या चारही सांध्यांवर आळीपाळीने बोट ठेवायचं. जिथे टक् असं जाणवेल तिथे प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. मग चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा. खेळ लागला तर बहुधा टाय रॉड. बारा आणि सहाला धरून लागला तर बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचं, बुश. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे रॉड फिरवला की चाकांची दिशा बदलते. दिशा लावून झाल्यावर दोन्हीकडचे चेकनट, म्हणजे रॉड जागच्या जागी धरून ठेवणारे नट, आवळायचेच. आणि आटे आत किती गेलेत तेही पाहा: १० मिलिमीटरच्या आट्याला किमान १५ मिलिमीटर पकड हवी, आणि दोन्ही टोकांना सारखी. मी एका गाडीत एका टोकाला जेमतेम चार फेरे पाहिलेत. चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपने मोजा. पुढचं किंचित कमी असावं. मी पाच मिलिमीटर ठेवतो.

स्टिअरिंगचा दांडा वर प्लॅस्टिकच्या बुशात बसतो. तिथे ग्रीस बहुतेक वेळा नसतंच. बुशचे बोल्ट जास्त आवळले तर हँडल जड होतं आणि लहान मनगटांना ते पेलत नाही. सैल ठेवले तर हँडल डुगडुगतं. दांड्याचं खालचं टोक गाडीच्या पोटाखाली लपलेलं असतं. तिथला नट आणि त्याची पिन टॉर्च लावून डोळ्यांनी पाहा, अंदाजाने सोडू नका. हँडलच्या क्लॅम्पचे चार बोल्ट असे आवळा की पुढची आणि मागची फट सारखी राहील. मग हँडलच्या दोन्ही टोकांवर स्वतःचं वजन टाकून दाबा. जरा जरी फिरलं, तरी काम अपुरं आहे. टोकांना रबरी बोंडं आणि मधल्या भागावर जाड पॅड हवंच.

शेवटी, मागची चाकंही अधांतरी ठेवून इंजिन सुरू करा आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. वळवताना इंजिनाचा आवाज चढला तर थ्रॉटलची केबल ताणली जातेय. म्हणजे मूल वळेल तेव्हा गाडी आपोआप वेग घेईल. केबल सोडवून दुसऱ्या वाटेने न्या. याच वेळी ब्रेकचा पाइप ताणला जातो का आणि टायर ए-आर्मला, म्हणजे चाक चॅसीला जोडणाऱ्या त्रिकोणी हाताला, घासतं का, तेही दिसेल.

सस्पेन्शनकडे वळताना शॉकॲब्सॉर्बरचा खालचा बोल्ट काढा आणि चाक हाताने वर-खाली करा. ए-आर्म अडखळता कामा नये. अडखळला तर बुशमधली लोखंडी नळी आखूड असल्यामुळे बोल्ट प्लॅस्टिकलाच दाबतोय; बुश बदला, बोल्ट सैल ठेवून भागवू नका. चाक वर जाताना ते आपोआप आत-बाहेर वळतं का, तेही बघा. थोडं वळणं सगळ्याच गाड्यांत असतं. पण डोळ्यांना सहज दिसेल इतकं वळत असेल, तर प्रत्येक खड्ड्यात हँडल मुलाच्या हाताला झटका देईल. अशी गाडी मी परत केली असती. मानकाप्रमाणे चाकाला किमान ५० मिलिमीटर चाल हवी, आणि ती टायरच्या फुगवट्यातून नव्हे, स्प्रिंगमधून. पट्टी लावून मोजा.

शॉक परत बसवून पुढचा भाग जोराने दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला तर ठीक. दोन-तीनदा उसळला तर आत फक्त स्प्रिंग आहे, उसळी आवरणारं तेल नाही. उसळणारं चाक जमीन सोडतं, आणि जमीन सोडलेलं चाक वळत नाही. नंतर मुलाला हेल्मेटसह बसवा. त्याच्या वजनाने सस्पेन्शन साधारण चौथा हिस्सा दबायला हवं. अजिबात दबलं नाही तर स्प्रिंगची रिंग सगळ्यात खालच्या खाचेवर आणा. स्वतः बसून ही जुळवणी करू नका, आपलं आणि त्याचं वजन यांची बरोबरी नाही.

बोल्टांच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा आकडा शोधा. कोऱ्या डोक्याचे बोल्ट ए-आर्म आणि शॉकच्या जागी मी ठेवत नाही. दहा-पंधरा डॉलरमध्ये सगळे बदलून होतात. ८.८च्या ८ मिलिमीटर बोल्टला साधारण २५ न्यूटन मीटर, १० मिलिमीटरला ४५ ते ५०. मागच्या स्विंगआर्मचा बोल्ट आणि ॲक्सलचे दुहेरी नट याच ओघात आवळून टाका.

वेल्डिंगला वेळ द्या. ए-आर्म चॅसीला जिथे जोडलाय ते कान आणि टाय रॉड जिला जोडतात ती स्टिअरिंगच्या दांड्याची खालची पट्टी टॉर्च तिरपी धरून बघा. शंका आली तिथला रंग घासून रॉकेल लावा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीवर काळी रेघ काढतं. बाबा हे असंच करायचे. रेघ उठली, तर गॅरेजमध्ये वेल्डिंगचा टाका मारून गाडी वापरात आणू नका.

सगळं आवळून झालं की प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या मार्करची एक सरळ रेघ ओढा. नट हलला की रेघ तुटलेली दिसते. पहिली फेरी मोकळ्या सपाट जागी, थ्रॉटलचा स्क्रू आत घालून वेग बांधलेला, दोरी सुटली की इंजिन बंद करणारा किल स्विच मुलाच्या मनगटाला आणि एका वेळी एकच जण गाडीवर. या गाड्यांचा मागचा ॲक्सल अखंड असतो, दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात, त्यामुळे गाडी वळायला नाखूश असते. आतल्या बाजूला अंग झुकवायला शिकवल्याशिवाय वेग सोडू नका. अर्ध्या तासाने गाडी थांबवून सगळ्या रेघा पाहा, चाकांचे नट पुन्हा आवळा. दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच.

आमच्या गॅरेजच्या भिंतीवर या बोल्टांचं हाताने काढलेलं चित्र आहे, एकूण बावीस खुणांचं. मुलगी आता अकरा वर्षांची आहे. ती टॉर्च घेऊन गाडीखाली शिरते, एकेक रेघ मोठ्याने मोजते, आणि बावीस म्हटल्यावर मी खिशातून किल्ली काढतो.