टेनबेसटू नेटवर्क जोडताना आणि बंद पडलं तर

जुने पीसी कोअॅक्स केबलने (टेनबेसटू म्हणजे पातळ कोअॅक्सवर चालणारं जुनं इथरनेट) जोडायचे असतील तर आधी केबल नीट बघा, आरजी-५८ म्हणजे ५० ओहमचीच हवी. टीव्हीची केबल दिसायला तशीच असते पण ती ७५ ओहमची, ती अजिबात लावू नका. एका पीसीकडून दुसऱ्याकडे अशी सरळ लाईन न्यायची, टी-कनेक्टर (टी आकाराचा जोड) थेट नेटवर्क कार्डावरच बसला पाहिजे, मध्ये केबलचा तुकडा जोडायचा नाही, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर (लाईनच्या टोकाला लावायचे रेझिस्टर). एक सेगमेंट, म्हणजे अशी एक सलग लाईन, जास्तीत जास्त १८५ मीटर, त्यावर ३० पीसी.

आता बंद पडलं तर. यात एक कनेक्टर सैल झाला की सगळ्यांचंच नेटवर्क जातं, म्हणून उगाच ड्रायव्हर परत टाकत बसू नका, आधी मल्टिमीटर घ्या. सगळे पीसी बंद करून कुठल्याही टी-ची कार्डाकडची बाजू सोडवा आणि मधली पिन ते बाहेरचं कव्हर असं मोजा, साधारण २५ ओहम आलं तर वायरिंग ठीक, ५० च्या आसपास म्हणजे एका बाजूचा टर्मिनेटर गेलाय किंवा केबल तुटलीय, शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. मग मधल्या टी-पासून लाईन तोडून दोन्ही बाजू वेगळ्या मोजा, जिथे ५० येत नाही तो अर्धा भाग परत अर्धा करा.

केबल चांगली आहे तरी एकच पीसी दिसत नाही? बहुतेक आयआरक्यूची भांडणं (आयआरक्यू म्हणजे कार्डाने प्रोसेसरला हाक मारायचा नंबर, दोघांचा एकच आला की अडतं). एनई२००० हे जुनं नेटवर्क कार्ड बऱ्याचदा आयआरक्यू ३ वर असतं आणि कॉम-२ (दुसरा सिरीयल पोर्ट) पण तिथेच, कार्ड ५ किंवा १० वर हलवून बघा.